डिंकाच्या लाडवांची लांबची वाट

"मास्तरले हे चंद्राचं गणित नोको सांगू वं," मनकर्णाबाईनं सुनेला बजावलं होतं. "थो शिकलेलं कायीच वाया जाऊ देत नाई."

विशाखानं ते हसण्यावारी नेलं. सासरे चंपतराव उटनूरकडच्या शाळांत जन्मभर मास्तरकी करून आदिलाबादला घरी बसलेले. चंद्राकडे यान न्यायच्या वाटांवरच्या तिच्या प्रबंधाला तेवढेच श्रोते. दहा महिन्यांच्या लेकीला मांडीवर थोपटत ती सांगे : सरळ चंद्रावर जायला चार दिवस पुरतात, पण इंधन फार जळतं. त्यापेक्षा यान आधी चंद्राच्याही पलीकडे सोडायचं, सूर्याच्या ओढीनं वळू द्यायचं. तीन-चार महिने लागतात, पण ते इतक्या धीम्या चालीनं येतं की चंद्रच त्याला धरून घेतो.

"म्हंजे जोर आपला नाई लावाचा. दुसऱ्याचा घ्याचा."

"अगदी बरोबर, मामाजी!" शिष्य हुशार निघाला म्हणून तिला कोण आनंद!

त्याच हिवाळ्यात अशाच लांबच्या वाटेनं निघालेलं एक परदेशी यान चंद्रापाशी पोचलं आणि मनकर्णाबाईनं बाळंतिणीच्या कमरेसाठी पुन्हा डिंकाचे लाडू वळले. मास्तरांना शुगर. मोतीबिंदूनं एक डोळा गेल्यातच जमा, आणि शुगर उतरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. विशाखानं डबा स्वयंपाकघरात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला आणि मास्तरांवर नजर ठेवली. मास्तर खाटेवरून हललेसुद्धा नाहीत.

फक्त एकदा म्हणाले, "फळीवर मुंग्या दिसून राह्यल्या." तिनं डबा मधल्या खोलीतल्या कपाटावर हलवला. ज्यांना समोरचं कॅलेंडर दिसत नव्हतं त्यांना मुंग्या कशा दिसल्या, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चार दिवसांनी "लाडवाले वास धरला वाटते". मनकर्णाबाईनं डबा बैठकीच्या खिडकीत उन्हाला ठेवला. मग एका दुपारी, "सूनबाई, पोरगी खिडकी धरून उभी राह्यली! डबा डोक्यात पडंन!"

विशाखा धावली. लेकीचा हात पोचणार नाही अशी जागा जवळ एकच होती : मास्तरांच्या उशाकडची पुस्तकांची फळी.

पुढच्या तपासणीत शुगर तीनशेवर. ऑपरेशन लांबलं. डब्यात दोन लाडू उरले होते.

"मामाजी!"

"म्या कोठी गेलो?" मास्तरांनी मिशी पुसली. "डबाच आला. तुम्हा तिघींच्या ओढीनं. आता दारी आलेल्याले चंद्र काऊन सोडंन?"

मनकर्णाबाई पदर तोंडाशी धरून हसत होती. विशाखा मात्र रडवेली झाली. दुसराही डोळा गेला तर?

आता शुगर उतरून ऑपरेशनला शुक्रवारची तारीख मिळाली आहे, आणि आज बुधवारी विशाखा हैदराबादला प्रबंध मांडायला निघाली आहे. लेक अंगावर पिते, म्हणून तीही आणि तिला धरायला सासूही सोबत. नवरा मंचेरियलला खाणीत ड्यूटीवर. साखर, गूळ, लाडू, सगळं तिनं शेजारच्या द्वारकाबाईच्या घरी नेऊन ठेवलं. रिक्षा हलली तेव्हा मागून मास्तरांचा आवाज आला, "द्वारकाबाई, तुमच्या घरी मुंग्या लय झाल्या म्हणतेत, खरं काय?"

म्हणून तुम्हालाच तिची विनंती. गुरुवारपर्यंत कापसाच्या बाजाराकडे आलात, तर मास्तरांकडे जरा डोकावा. चहा बिनसाखरेचा घ्या. डबा कुठे आहे ते बघा. आणि मास्तर कितीही गोड बोलून तो "जरासा इकडे" करायला सांगोत, तुम्ही हात लावू नका.