छकुली काय म्हणतेय?

“‘दादा, आई ग...’ कळलं! ‘आई गुणाची आहे’ लिहितेय पोरगी!” ताई कॉम्प्युटरच्या पडद्यात नाक खुपसून म्हणाली.

“ताई, तू आधी स्वयंपाकघरात जा बरं,” मी म्हणाले. “लिहू दे तिला सुखाने.” बहिणीला आत पिटाळलं आणि मीही तोंड फिरवून बसले. माणूस बोलायच्या आधीच त्याचं बोलणं वाचायचं कशाला?

छकुली वाकड्या बोटाचं पेर एकेका अक्षरावर नेत होती. हात मध्येच भलतीकडे उडायचा, चुकीचं अक्षर उमटायचं. ते पुसायचं, पुन्हा सुरुवात. माझी ही भाची पस्तिशी उलटली तरी घरात छकुलीच. जन्मापासून अंग तिच्या ताब्यात नाही आणि जीभ तर नाहीच नाही. तोंडातून नुसते आवाज निघतात, ते कळतात एकट्या तिच्या आईला. त्यामुळे आलागेला ताईलाच विचारणार, “छकुली काय म्हणतेय?” आणि ताई सगळं गोड गोड करून सांगणार. पोरगी माझ्यावर डोळे वटारून ओरडली तरी म्हणे, “मावशी, जेवूनच जा, म्हणतेय.” मी काय बावळट आहे?

हा कॉम्प्युटर तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी आणून बसवला. वाक्य जुळवून एक बटण दाबलं की तो ते मोठ्याने बोलतो, स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईच्या आवाजात. पहिल्याच दिवशी छकुलीने काय बोलावं? “चहात साखर कमी घाल.” इतकी वर्षं ताई लेकीच्या घशात पाक ओतत होती! आम्ही पोट धरून हसलो. ताईपण हसली, पण नंतर ओट्याशी उगाच घासलेलीच भांडी घासत राहिली.

मग मागच्या महिन्यात ताई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. छकुली पलंगावरून ओरडत होती, शेजाऱ्यांना वाटलं, नेहमीचंच. मी सहज म्हणून डोकावले, म्हणून माझी बहीण वाचली. तेव्हापासून मी इथेच मुक्काम ठोकलाय.

दादाचा, म्हणजे छकुलीच्या भावाचा, रविवारचा फोन आला. तो बायकोमुलांना घेऊन लांबच्या शहरात असतो. ताईने लगबगीने येऊन फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला.

“काय छकुले, कशी आहेस?”

छकुलीने बटण दाबलं.

“दादा, आई गेल्यावर मला तुझ्याकडे नेशील का?”

शब्द न् शब्द स्वच्छ.

“हॅलो? आई, काय म्हणतेय ती? नीट ऐकू नाही आलं.”

आणि माझी बहीण फोनकडे वाकली. “तुझी आठवण येते म्हणतेय रे. पोरं बरी आहेत का, विचारतेय.”

छकुलीने पुन्हा बटण दाबलं. तेच वाक्य, तोच आवाज, ना राग ना रडं. मग आणखी एकदा. ताईने तिचं मनगट धरलं. छकुलीने ते झटकलं नाही, नुसती आईकडे बघत राहिली. तिला काय कळत नव्हतं? आई बाथरूममध्ये पडली ती सकाळ तिने पलंगावर ओरडत एकटीने काढली होती. वाटलं, आपणच फोनवर खडसवावं त्याला. पण जीभ आवरली.

ताईने हळूच हात काढून घेतला.

“अरे, ऐक,” ती म्हणाली. “ती विचारतेय, मी मेल्यावर तू तिला तुझ्याकडे नेशील का? आता आलं ऐकू?”

पलीकडे कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला.

“आई... हे असं एकदम कसं सांगू? जागा केवढी आहे आमची, तुला माहितीय. हिच्याशीही बोलावं लागेल...”

छकुलीने पुढचं लिहायला घेतलं होतं. एक अक्षर. दुसरं.

“हॅलो? आहात ना?”

“थांब,” ताई म्हणाली. “ती लिहितेय.” या खेपेला तिने अंदाज बांधला नाही. अक्षरं उमटतील तशी वाचत होती.

त्याला काही थांबवेना. “मी नंतर करतो गं फोन,” तो पुटपुटला आणि फोन बंद झाला.

छकुलीचं पेर चालूच होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. एक अक्षर चुकलं, ते पुसून झालं. शेवटी छकुलीने बटण दाबलं.

“सावकाश सांग, दादा. मला थांबायची सवय आहे.”

मग तिने मान वळवून आईकडे बघितलं. ताई स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली.

“फोन ठेवला गं त्याने,” ती म्हणाली.