चैत्रातला स्वेटर

शालूबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भूत उतरवणाऱ्या हिंमतबाबांच्या जीपमागून निम्मं गाव आलं होतं, छपरावर पोरं चढली होती आणि मधोमध पाटावर शालूबाईची सून कोकिळा बसली होती. चैत्राच्या त्या उन्हात तिच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.

“पाहा बाप्पा!” बाबा गरजले. “आपून घामानं न्हाऊन राह्यलो अन् ही कुडकुडते. काऊन? हिच्या अंगात विहिरीत बुडालेली बाई हाये! म्हणून आंग फुगलं, म्हणून आवाज घोगरा!”

गर्दीने हात जोडले. मी जोडले नाहीत. मी गावच्या उपकेंद्रातली नर्स. सव्वीस वर्षं सुया टोचून स्वभावच संशयी झाला आहे. बाळंतपणाला पाच महिने झाले आणि ही हसरी पोरगी भिंतीकडे तोंड करून बसू लागली. केस गळायला लागले, कानात कुणी कुजबुजतं म्हणू लागली. गळ्यापाशी थोडी सूजही मला दिसली होती. रक्त तपासू, असं सांगायला मी दोनदा येऊन गेले. तिचा नवरा गोकुळ दोन्ही वेळा म्हणाला, “डोक्याचं हाये सिस्टर, रगतात काय सापडन?”

आज बाबांचा उतारा ठरला होता. एकवीस घागरी गार पाणी डोक्यावर, नऊ दिवस अन्न नाही, लेकरू नजरेआड. घागरी ओळीने मांडून तयार होत्या. आधीच गारठलेल्या त्या शरीराला हे सोसलं नसतं. जीव गेला असता.

बाबांनी कोकिळेच्या मनगटाला हळद चोळली. तांब्यातलं स्वच्छ ‘तीर्थ’ शिंपडलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली!

“रगत!” कुणीतरी किंचाळलं.

“निघाली बाहीर! आता वता पाणी!”

मी पुढे झाले. “तीर्थात काय आहे ते आधी सांगा.”

“सिस्टर, तुमी मंधात पडू नका. सुईवाल्या लोकाईले हे समजत नाही,” बाबांनी मला दटावलं.

खरं सांगते, तीर्थात काय होतं ते मलाही कळत नव्हतं. संशय होता, पुरावा नव्हता. गोकुळने पहिली घागर उचलली.

“थांब रे गोकुळा!” शालूबाई ओरडली. ती त्या मनगटाकडे टक लावून पाहत होती. “हिच्या हळदीचं पातळ मीच धुतलं होतं. सोडा लावला अन् डाग असाच लाल झाला होता. तवा कोणती बाई बुडाली होती?”

गोकुळने घागर खाली ठेवली. शालूबाई घरातून डब्यातली हळद घेऊन आली आणि आपल्याच हाताला फासली. गोकुळच्या खिशातली चुन्याची डबी काढली, बोटभर चुना पाण्यात कालवून हातावर ओतला. हात लाल! मग बाबांच्या पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून पिळलं. हात पुन्हा पिवळा. दहाव्या दिवशी ‘बाई गेली’ म्हणायला ते लिंबू ठेवलेलं असणार, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं.

“मलेबी लागली का हो बाबा? अन् लगेच गेलीबी?” शालूबाईने विचारलं.

सगळे हसले. “श्रद्धा पायजे, श्रद्धा,” असं पुटपुटत बाबा जीपकडे निघाले. तांब्या मी ठेवून घेतला. त्याच्या तळाशी चुन्याचा थर होता.

दुसऱ्या दिवशी मेहकरला कोकिळेचं रक्त तपासायला दिलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. ती मंदावली की शरीर गार पडतं, सुजतं आणि मनही खचतं. क्वचित भाससुद्धा होतात. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. प्रत्येक मानसिक आजार गळ्यातून येत नाही, हे खरं. पण मेंदू शरीरातच राहतो ना? मग आधी शरीर तपासायला काय हरकत आहे?

गोळी काही चमत्कार करत नाही. सहा-सात आठवडे गेले. वैशाख सरता सरता मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा कोकिळा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. बोलता बोलता तिने स्वेटरची बटणं काढली.

“आत्याबाई, लय उकडून राह्यलं,” ती सासूला म्हणाली.

शालूबाईला रडू आवरेना. मलाही आवरलं नाही.

आता गावात कुणाचं डोकं बिघडलं असं कानावर आलं, की शालूबाई स्वतः त्या दारात जाऊन उभी राहते. “हळद सैपाकाले ठेवा,” म्हणते, “अन् आधी रगत तपासाले द्या.”