देवचाराच्या वाटेवरचा थांबा

"व्हय म्हाराजा," विठ्ठल मोठ्यांदा म्हणाला आणि सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. सगुणकाकांचं गाऱ्हाणं अजून निम्म्यावरच होतं.

"अरे बेळगांवकारा, वायच थांब," काका म्हणाले. "देवचाराक सांगून तरी जाऊं दी. व्हय मागीर."

"चुकलं की वो काका," म्हणत विठ्ठलनं कान पकडला. मोजणीची पट्टी त्याच्या खांद्याला टेकलेली होती. कामावर आलेला चाळिशीचा माणूस, त्याला इथल्या रीती कुठून माहीत असणार?

गौरवी हसू दाबून उभी राहिली. म्हापशाहून डिचोलीपर्यंत वाढवायच्या ट्रामच्या मार्गावरचा हा मये गावचा थांबा तिनंच आखला होता, दोन डब्यांच्या गाडीसाठी. आता गाडी तीन डब्यांची यायची ठरली, आणि प्लॅटफॉर्म लांबवणं आलं. डिचोलीच्या अंगाला वळण. वळणावर प्लॅटफॉर्म नेला तर दार आणि कडा यांच्यात फट राहते, आणि फटीत पहिला पाय जातो तो म्हाताऱ्या माणसाचा. उरली तळ्याकडची बाजू. तिथं देवचाराचा दगड होता आणि डोंगरावरून खाली उतरणारी त्याची पायवाट. अंधार पडला की गावचा हा राखणदार त्या वाटेनं फेरीला निघतो, म्हणून घर बांधणारासुद्धा ती सोडून बांधतो. गौरवीनं दगडाला हात लावला नव्हता. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा उतार तिथं आणून वाट त्याच्या पायथ्यानं वळवली होती. पंचायतीची मान्यता मिळाली होती, वाटेच्या मालकाची, देवचाराची, राहिली होती.

"हंय गाडयेचो थांबो जातलो," काकांनी पुन्हा सूर धरला. "गाडी लांब, म्हणून तुझी वाट वायच सरकतली. ती मोठ्या मनान मानून घे, आनी येणाऱ्या-जाणाऱ्याक सांभाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. विठ्ठल या खेपेला गप्प राहिला.

रोट आणि विडी दगडापुढे ठेवून काका गौरवीकडे वळले. "तुजें कितें आसा गो बाय? माग. मी ताका पावयतां."

तिच्या मनात एकच गोष्ट होती. रात्र रात्र उशा रचून बसणारे बाबा. नाकाला लावलेली प्राणवायूची नळी. एकेका श्वासासाठी वर चढणारे त्यांचे खांदे. डॉक्टरांनी सांगून झालं होतं की आता फक्त असंच चालायचं. आता यांना सोडव, एवढंच तिला मागायचं होतं.

"उलय गो. मनातलें ताका आयकू येना. तोंडान सांगूंक जाय."

"प्लॅटफॉर्म नीट होऊं दी," ती म्हणाली.

"सरकारी मागणें," काका म्हणाले, आणि लोक हसले.

संध्याकाळी डिचोलीला घरी आल्यावर तिनं पेज भरवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणजे महादेव. उभा जन्म खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. बोलताना ते मधे मधे थांबत, चढावर गाडीचा गिअर बदलावा तसे.

"माझ्या ट्रकाक... प्लॅटफॉर्म लागना आशिल्लो."

"तुझ्या ट्रकात माणसं बसत नव्हती, बाबा."

"बसत तर. तुझी आवय... बसल्ली. लग्नाच्या दुसऱ्या दिसा." ते हसले आणि खोकला आला. ती पाठ चोळत राहिली. उबळ ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आनी तुवें... कितें मागलें?"

"प्लॅटफॉर्म."

"पिशें गो तूं. माझ्याखातीर... वायच वारें... श्वासापुरतें... मागूंक जाय आशिल्लें."

गौरवीनं वाटी उचलली आणि धुवायच्या निमित्तानं आत गेली. वाटी स्वच्छ झाली तरी नळ चालूच होता.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा ती उठली. प्राणवायूचं यंत्र नेहमीसारखं घुरघुरत होतं, पण बाबांचे खांदे खाली आले होते. कितीतरी महिन्यांनी ते जागच्या जागी, सैल दिसत होते. छातीला हालचाल नव्हती. तिनं यंत्र बंद केलं. घर इतकं शांत झालं, की पोदेर पुढच्या घरी सुट्ट्या पैशांवरून घालत असलेली हुज्जत शब्दन् शब्द ऐकू आली.

माणसं येत राहिली. "सुटलो गो म्हादेव," जो तो म्हणत होता, आणि ती मान हलवत होती. स्मशानातून सगळे परतल्यावर ती आडवी झाली ती थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. मधे एकदाही बाबांच्या श्वासासाठी कान उघडा ठेवावा लागला नाही. जाग आली तेव्हा अंग हलकं होतं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. एकाच गोष्टीचा आधार होता: आपण काही मागितलं नव्हतं. मनातलं त्याला ऐकू जात नाही. पण तो आधारही फार पुरेना. मागितलं नव्हतं, तरी हवं तर तेच होतं.

बारावं-तेरावं उरकून ती मयेला कामावर गेली. लांबवलेल्या प्लॅटफॉर्मची चुन्याची रेघ आखून झाली होती, उताराचा मातीचा भरावही पडला होता. टोकाच्या उताराच्या पायथ्याशी नवी पायवाट आत्ताच मळायला लागली होती. गावातल्या बायका तळ्याकडे त्या वाटेनंच ये-जा करत होत्या. एक म्हातारी काठी टेकत भरावावरून वर येऊन बघून गेली, चढ जमतोय का. जमला.

"पट्टी कुठं धरू, म्याडम?" विठ्ठलनं विचारलं.

"तिथंच, दगडाजवळ. सरळ धरा."

तो पट्टी धरून उभा राहिला. गौरवी मोजणीच्या यंत्राकडे गेली नाही. चपला काढून दगडासमोर येऊन थांबली. गाऱ्हाणं कसं घालतात ते तिनं ऐकलं होतं, घातलं कधीच नव्हतं.

"म्हाराजा," ती म्हणाली. आवाज चिरकला, तेव्हा तिनं पुन्हा सुरुवात केली. "म्हाराजा, त्या दिसा म्हाका प्लॅटफॉर्म नाका आशिल्लो. बाबाक सोडय, अशें मागूंचें आशिल्लें. तोंडान सांगूंक जमलें ना. आतां हांव सांगतां. तो सुटलो." तळ्यावरून वारं आलं. "आनी हांवय सुटलें, रे म्हाराजा."

विठ्ठलनं तिचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग पट्टी तसूभरही न हलवता, खालच्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."