मेमरी गेली

केरबा चौगुले कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. घशाच्या कर्करोगापायी त्यांची स्वरपेटी काढली, त्याला आता आठ दिवस झाले होते. ऑपरेशनच्या आधी मुलगी संयोगितानं त्यांचं बोलणं गडमुडशिंगीच्या घरात कॉम्प्युटरवर भरून ठेवलं होतं. दुसरीकडं उतरवून घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

त्या सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. पडदा काळा, आतून नुसतं बीप बीप. फोनवर तो आवाज ऐकून चुलतभाऊ म्हणाला, "मेमरी गेली."

आबांना काही न सांगता संयोगितानं कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेतला. राजारामपुरीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता.

दुरुस्तीच्या दुकानात चंदना मगदूम होती.

"ताई, सीपीयू आणलाय. मेमरी गेलीया. आत आमच्या आबांचा आवाज हाय."

"ह्या डब्याला कॅबिनेट म्हणत्यात. सीपीयू आत असतोय, बिस्किटाएवढा." चंदनानं स्क्रू काढून एक चपटी हिरवी पट्टी उपसली. "ही रॅम. मेमरी म्हणत्यात ती हीच. काम चालू असताना लागंल ते हिच्यावर मांडायचं. वीज गेली की सगळं पुसलं जातंय."

"पुसलं?" संयोगितानं काउंटर धरला.

"अवो, आवाज हिच्यात नसतोयच की! तो हार्ड डिस्कमध्ये. वीज असू दे, नसू दे, तिथलं तिथंच ऱ्हातंय."

"म्हंजे हाय न्हवं?"

"बघितल्याबिगर सांगत न्हाय."

चंदनानं खोडरबरानं पट्टीची कड घासली, परत दाबून बसवली. दुकानातला पडदा उजळला. पण लगेच आतून कट् कट् ऐकू आलं. चंदनाचा चेहरा उतरला.

"हार्ड डिस्कबी थकलीया. कशाला हात लावू नका. आधी कॉपी."

चौदा फायली होत्या. अकरा सरळ आल्या. बारावीला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ संयोगिता खुर्चीत टेकलीसुद्धा नाही. उरलेल्या दोन आल्याच नाहीत.

घरी आल्यावर तिनं सगळं खरं सांगून टाकलं. "आजीची आठवण सांगितलेली ती गेली, आबा. माझीच चूक."

केरबांनी पाटीवर लिहिलं, "आहे ते लाव."

मैदानातला तो खणखणीत आवाज घरभर घुमला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग डोळे पुसून त्यांनी पाटी पुन्हा ओढली.

"वही आण. आईचं लिहून देतो."