माझ्या हातचा कॉम्प्युटर

"तुझ्याकडे आलो की काम बंद पडतं गं आई," असं माझा मुलगा म्हणाला, म्हणून हे सगळं झालं. अजून न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या पडद्यावर दाखवायच्या, असलं त्याचं काम. त्याला लागतं दांडगं मशीन, ते काही पिशवीत घालून आणता येत नाही. "तिथे तसं मशीन असतं तर महिनाभर राहिलो असतो," असंही म्हणाला. बोलायचं म्हणून बोलला असेल. पण मी ते धरून बसले.

हे गेल्यापासून माझ्याकडे दुसरा कप विसळायची वेळ येत नाही. मुलगा येतो, शनिवारी उतरतो आणि रविवारी बॅग भरायला लागतो. महिनाभर तो घरात, ही कल्पनाच मला झेपेना. आणि मला कोणी अडाणी म्हातारी समजू नका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर बोर्ड दुरुस्त केलेत.

कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर विकणारा एक भंगारवाला आहे. त्याने दोन प्रोसेसरचा भलामोठा बोर्ड माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"मावशी, हे कंपनीच्या गार खोलीत राहिलेलं जनावर आहे. घरात नांदणार नाही."

"माझ्या घरात कोण नांदत नाही ते मी बघते. तू बांधून दे."

"बघा हं. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

मोडली. कडाकडा मोडली! बोर्ड कुठल्याच कॅबिनेटमध्ये मावेना, आणि जिथे मावला तिथे स्क्रूची भोकं जुळेनात. शेवटी ह्यांच्या पुस्तकांची लोखंडी मांडणी रिकामी केली, तिच्यात ड्रिलने नवी भोकं पाडली आणि बोर्ड तिथे बसवला. दुकानातून चांगली कोरी मेमरी आणली, तर बोर्डाने तिला ओळखच दाखवली नाही. साहेबांना सर्व्हरचीच मेमरी हवी! पुन्हा भंगारवाल्याकडे खेप. पॉवर सप्लायला प्रोसेसरचा एकच प्लग, इथे लागतात दोन. पुन्हा खेप. तो मला लांबून बघूनच हसायला लागायचा, मेला.

पंख्यांनी तर नाकी नऊ आणले. मूळचे पंखे सुरू झाले तेव्हा मला वाटलं घर उडतंय. म्हणून शांत, सावकाश फिरणारे पंखे आणून लावले. तर बोर्डाचं मत असं, की इतका हळू फिरतोय म्हणजे हा पंखा मेला. लगेच तो सगळ्या पंख्यांना जिवाच्या आकांताने पळवणार, थोडं थांबणार, पुन्हा पळवणार. मी त्याला चार शिव्या हासडल्या. मग सेटिंगमध्ये शिरून, 'बाबा रे, हळू फिरणाराही जिवंत असतो' हे त्याला पटवलं, तेव्हा कुठे गप्प बसला.

एवढं झाल्यावर कळलं, की याला आवाजच नाही. स्पीकर लावायला भोकच ठेवलेलं नाही! त्याच्यासाठी वेगळा डबा आणला. सुरू व्हायलाही हा इतका वेळ घेतो, की तोवर माझी आंघोळ उरकते. पण सुरू झाला. पडद्यावर चित्र आलं, तेव्हा मी एकटीच "जमलं!" म्हणून ओरडले. ऐकायला होतं कोण? तरी ओरडले.

मग मुलाच्या गादीला ऊन दाखवलं, नवी चादर घातली आणि त्याला फोन केला.

"आई, खरंच? तू केलंस? फोटो पाठव, फोटो!"

पाठवला. तो लहानपणी खुश व्हायचा तसा खुश झाला. माझा जीव सुपाएवढा झाला.

"आई, मागे बाकीच्यांपासून वेगळं एक नेटवर्कच्या केबलचं भोक आहे बघ. तिथे केबल लाव."

लावली. तो सांगेल तसे आकडे वाचून दाखवले, राउटरमध्ये काय बदलायचं ते बदललं. मग तो म्हणाला, "आता मशीन बंद कर आणि हात लावू नकोस." मी हात मागे घेतले. आणि मशीन आपोआप सुरू झालं! त्याने नेहमीसारखा आंघोळीएवढा वेळ घेतला आणि मग पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला.

"भन्नाट! आई, सर्व्हरचं हेच तर सुख. याच्यासमोर कोणी बसायचंच नसतं. बंद असला तरी मी इथून सुरू करीन, सगळं काम इथूनच करीन. आता मला यायचीही गरज नाही!"

मी म्हटलं, "वा." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून तो रोज असतो माझ्याकडे. म्हणजे बाण असतो. मी चहा घेऊन खोलीत बसते आणि तो फिरताना बघते. कुठल्या कुठल्या इमारती उभ्या राहतात, खिडक्यांना पडदे लागतात, खोल्यांत माणसंसुद्धा येतात. फोन मात्र येईनासा झाला. कामच चाललंय म्हटल्यावर बोलायचं काय?

काल मला राहवलं नाही. बाण भरभर फिरत असताना मी केबल उपटली.

चहाचा घोट घेईपर्यंत फोन वाजला.

"आई, काय झालं? लाइट गेली का?"

"नाही."

"मग? मशीन दिसत नाहीये मला."

"मी केबल काढली. तुझा फोन यावा म्हणून."

तो खदखदून हसला. "तू पण ना आई! घाबरलो ना मी. लाव पटकन, क्लायंट थांबलाय."

मीही हसले. हसता हसता वाकून केबल लावली. बाण हलला.

"आला, आला," तो म्हणाला. "थँक्यू गं. आणि आई, एक सांगायचं राहिलं."

"सांग ना रे."

"धूळ बसू देऊ नकोस हं त्याच्यावर."

"नाही बसू देणार," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला होता.