पावलाला कळलेलं

मी एक पेडल बोलतोय. सायकलचं नव्हे. टेबलाखाली वाकून पाहिलंत तरच दिसेन, असा काळा, चपटा. ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं ऐकत ऐकत टाइप करणाऱ्या माणसाच्या पायाखाली मी असतो. मला दाबलं की बोलणं सुरू, पाय उचलला की बंद, डावा कोपरा दाबला की चार शब्द मागे. हात टायपिंगमध्ये गुंतलेले, म्हणून हे काम पायाकडे.

कारखान्यात तपासणीच्या वेळी एका बाईने मला अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. हाताने दाबलं ते काय तेवढंच. पुढे सगळे पायच. पायीची वहाण पायीच बरी, त्यामुळे तक्रार नाही.

पहिली नोकरी एका कंपनीत होती. बैठकांचे वृत्तांत लिहिणाऱ्या साहेबांचा बूट माझ्यावर असायचा. जेवणानंतर साहेब तसेच झोपी जायचे, बूट माझ्यावरच, आणि बैठक आपली चालूच राहायची. माझा रंग उडाला तेव्हा त्यांनी मला दुसऱ्या एका कार्यालयाला देऊन टाकलं. तिथे मला माझी बाई भेटली.

ते कार्यालय वेगळं होतं. ज्या लेकरांवर कुणी अत्याचार केलेत, ती तिथल्या एका शांत खोलीत समुपदेशक मॅडमना आपल्यावर काय गुदरलं ते सांगतात. पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये म्हणून ते एकदाच ध्वनिमुद्रित होतं. मग ते कोर्टासाठी शब्दन् शब्द टाइप करायचं, ते काम माझ्या बाईचं. नियम असा की एखादा शब्द तीनदा ऐकूनही कळला नाही, तर कंसात ‘अस्पष्ट’ लिहून पुढे जायचं.

मी त्यातला एकही शब्द ऐकलेला नाही. आवाज थेट तिच्या हेडफोनमध्ये जायचा. मला जे कळलं ते पावलातून.

काय पाऊल होतं ते! चप्पल बाजूला काढून ती अनवाणी पाय माझ्यावर ठेवायची, ऊबदार आणि हलका. आणि तीनदा कसलं, तीस तीस वेळा माझा डावा कोपरा दाबायची. शेजारच्या कारकुनाने एकदा म्हटलं, लिहा की अस्पष्ट आणि व्हा मोकळ्या. तर म्हणाली, “त्या पोराने एवढा जीव एकवटून सांगितलंय, आणि मी अस्पष्ट लिहू?” त्या दिवसापासून मी तिचा झालो.

पण तीस वेळा मागे जायचं म्हणजे ते बोलणं तीस वेळा ऐकायचं. त्याचा विचार कुणी केला नाही, तिनेही नाही. लोक म्हणायचे, तुला काय, नुसतं टायपायचं. तीही तेच म्हणायची. इकडे पायाची बोटं आखडायला लागली, तळवा भर उन्हाळ्यात गार पडायला लागला. चौथ्या वर्षी तिने चप्पल काढणं सोडलं.

एकदा माझं खालचं रबर निघालं. तिचे सासरे डिंक लावण्यात पटाईत, म्हणून तिने मला कागदात गुंडाळून घरी नेलं. चिकटवून झाल्यावर त्यांनी मला जेवणाच्या टेबलाखाली वाळत ठेवलं. तेवढ्यात तिची मुलगी शाळेतून आली. सात वर्षांची, आजोबांनी नाव ठेवलेलं ‘टकळी’, आणि ते अगदी रास्त. मैत्रिणीने कंपासपेटी कशी लपवली, मग कुणी सांगितलं, मग कोण रडलं, टकळी सुरूच.

मी शेजारी आईचं पाऊल पाहत होतो. टकळीचा आवाज चढला की ते पाऊल नुसत्या फरशीवरून उचललं जात होतं. आवाज बंद करण्यासाठी ती पाय उचलायची, तसंच.

“आई, मी काय सांगितलं आत्ता?”

तिला सांगता येईना. टकळी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “राहू दे,” आणि आजोबांकडे गेली. पुढचे काही दिवस ती सगळं आजोबांनाच सांगत होती, हे बाईने स्वतःच कारकुनाला हसत हसत सांगितलं. सांगताना ती उगीचच माझा डावा कोपरा दाबत होती.

मग एका दुपारी समुपदेशक मॅडम टाइप केलेले कागद घेऊन आल्या. एका पानावर पाच ठिकाणी ‘अस्पष्ट’ होतं. त्या म्हणाल्या, मी समोर बसले होते, मुलगी स्पष्ट बोलली होती, आपण दोघी ऐकू या. एका हेडफोनचा एक कान एकीने, दुसरा दुसरीने धरला. माझी बाई मला दाबत होती, मागे जात होती, पुन्हा दाबत होती. शेवटी म्हणाली, “मॅडम, मला खरंच ऐकू येत नाहीये हो.”

मला वाटलं, आता हिची कानउघाडणी होणार. मॅडमनी खुर्ची ओढली.

“मी त्या खोलीतून बाहेर आले की माझ्याशी बोलायला कुणीतरी ठेवलेलं आहे. तू चार वर्षं एकटी ऐकतेयस, आणि तुला कुणी विचारलंसुद्धा नाही. ही आमची चूक आहे. ऊठ, हे पाच शब्द मी लिहिते.”

त्यांनी चप्पल काढून माझ्यावर पाय ठेवला. सगळे त्यांना खंबीर म्हणायचे, पण तो पायही गारच होता. कागद पुरा होऊन कोर्टाकडे गेला. माझी बाई शेजारी बसून खूप रडली. मला फार हायसं वाटलं.

त्यानंतर तिला सुट्टी मिळाली, बोलायला माणूस मिळालं, जोडीला दुसरी टायपिस्ट आली. लागोपाठ दोन मुलाखती एकीनेच टाइप करायच्या नाहीत, असं ठरलं. ती आपणहून कामावर परतली, आणि खुर्चीत बसण्याआधी तिने चप्पल काढली. मॅडमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

आता माझ्या जागी नवं पेडल आलंय. मला तिने मागून घेतलं. वायर गुंडाळून मी त्याच जेवणाच्या टेबलाखाली असतो, आणि टकळीने माझा खेळ केलाय. तिने मला दाबलं की ती बोलणार, पाय उचलला की आईने सगळं जसंच्या तसं सांगून दाखवायचं. माझं भाग्य थोर, म्हातारपणी असं काम मिळालं.

तुमच्या घरी कुणी दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून येत असेल, तर त्याला ‘तुला काय, नुसतं ऐकायचं’ एवढं म्हणू नका. बाकी मागणं नाही.

काल टकळी बोलता बोलता एकदम हळू झाली. तिला शाळेत कशाची तरी भीती वाटली होती. ते वाक्य ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि तिने पाय काढून घेतला. मलाही ते कळलं नाही. तेवढ्यात ते ओळखीचं अनवाणी पाऊल पुढे आलं, ऊबदार, आणि त्याने माझा डावा कोपरा दाबला.

“परत सांग,” आई म्हणाली. “ऐकतेय मी.”