हवा मानवली

मोठे दीर आणि जाऊबाई सासूबाईंना घेऊन आठवडाभर आमच्याकडे आले ते हवापालट म्हणून. समुद्र आमच्या गावाला लागूनच. पाहुणे आले की मी शिलाईमशीन झाकून ठेवते, पण या खेपेला जाऊबाईंनीच सांगितलं की असू दे उघडं, थोडं काम आहे.

सासूबाई एरवी त्यांच्याकडेच असतात. हल्ली त्यांना विसरायला होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लग्नानंतर मी फोडलेली काचेची बरणी मात्र पक्की लक्षात आहे. त्या इथे आल्या की आमचं दोघींचं रोज वाजतं आणि रोज मिटतं. खरं सांगायचं तर त्या आल्याशिवाय मला घर भरल्यासारखं वाटत नाही.

काम काय, तर आईंच्या सगळ्या कपड्यांना आतून एक आकडा शिवायचा. धुलाईत कपड्यांची अदलाबदल होते म्हणे. मी मुकाट्याने शिवला. हातात सुई आली की माझं डोकं चालत नाही, त्याला काय करणार!

रोज जेवणं झाली की दीर आईंना गाडीत बसवून समुद्रावर न्यायचे. मीही येते म्हटलं की म्हणायचे, गाडीत जागा नाही. जसं काही वरात चालली होती! पहिल्या दिवशी आई थोड्या वेळात परतल्या त्या डोळे सुजवूनच. वारा लागला, दीर म्हणाले. दुसऱ्या दिवशी जरा उशीर झाला, आणि मग रोजच दिवेलागण होऊ लागली. आई गप्प गप्प होत चालल्या. मी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला, म्हटलं, आता तरी तोंडाचा पट्टा सुटेल. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. जाऊबाई मात्र खुशीत होत्या, आईंना इथली हवा छान मानवली म्हणून.

एका संध्याकाळी आई गाडीतून उतरल्या आणि आमच्या दारातच थांबल्या. आत येईनात. दिरांच्या बाहीला धरून त्यांनी हळूच विचारलं, इथे कोण राहतं? दीर नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी ते तिघं सकाळीच बाहेर पडले, या वेळी आईंची बॅग घेऊन. मी दाढी करत असलेल्या नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. तो एकाच गालावर वस्तरा फिरवत राहिला. मग सगळं बाहेर आलं. दीपगृहाच्या पलीकडे म्हाताऱ्या माणसांना ठेवायची एक जागा आहे. आईंना रोज तिथेच सोडत होते, आधी थोडा वेळ, मग जास्त, म्हणजे ठेवून जाताना त्रास नको. आणि मला कोणी काही सांगायचं नाही, कारण मी तमाशा करेन.

"करणारच," मी म्हटलं. "आई आपल्याकडे राहतील. मी बघेन त्यांचं सगळं. काढ स्कूटर."

त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून स्कूटर काढली. वाटेत माझ्या डोक्यात नुसती आग होती. दिरांना काय काय सुनवायचं ते मी जुळवत होते.

दीर आणि जाऊबाई तिथल्या ऑफिसात बसले होते. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. व्हरांड्यात समुद्राकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत पाय वर घेऊन आई मटार सोलत होत्या, अगदी आपल्या स्वयंपाकघरात बसल्यासारख्या. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, आई, उठा, घरी चला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवरचे मटार सांडले. शेजारी उभ्या असलेल्या सेविकेचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ह्या बाईंना जायला सांगा ना," त्या तिला म्हणाल्या. "रोज रात्री मला ह्यांच्याकडे झोपायला पाठवतात. आज नका पाठवू. आज मला माझ्या घरीच राहू दे."

"नाही पाठवणार, आजी," सेविका म्हणाली आणि तिने माझा हात आईंच्या दंडावरून बाजूला केला.